‘पास’ झालेलं मूल

यंदाच्या अंकाचा विषय ‘ऐकणं’ ठरला, तेव्हा संपादकांनी माझ्याकडे जनुकोपचारांवरचा लेख मागितला. जन्मतः बहिऱ्या मुलांना कानातल्या एका इंजेक्शनने ऐकू येऊ लागलं, अशा बातम्या 2024 पासून शांघाय, फिलाडेल्फिया, केंब्रिज अशा शहरांतून येत होत्या. बातम्या खऱ्या आहेत. त्यामागचं विज्ञान समजून घेताना एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करत राहिली. आज ज्या मुलांवर हा उपचार चालतो, त्यांच्यातली बरीचशी मुलं आपल्याकडच्या नवजात बाळांच्या श्रवणचाचणीत ‘पास’ होतील. त्यांच्या कार्डावर तसा शिक्का बसेल, आणि पुढची दीड-दोन वर्षं ‘मुलगे उशिराच बोलतात’ हे ऐकण्यात जातील.

म्हणून मी सुरुवात शांघायपासून न करता पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागापासून केली.

बेराच्या खोलीत

खोली लहान, भिंतींना आवाज शोषणारे फोमचे चौकोन. दिवा मंद. बाहेरच्या बाकांपाशी आई-वडील मुलांना कडेवर घेऊन फेऱ्या घालत असतात, कारण बेरा ही श्रवणचाचणी करायची तर मूल गाढ झोपावं लागतं. आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत जागं ठेवा, असं बजावलेलं असतं. तरीही ऐन वेळी मूल टक्क जागं राहतं, मग झोपेचं औषध पाजायचं आणि वाट बघायची. या खोलीतलं निम्मं काम वाट बघण्याचंच आहे.

त्या दिवशी दीड वर्षाचा एक मुलगा होता. सोबत आई आणि आजी. आईच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत जन्मापासूनचे सगळे कागद, नीट क्रमाने लावलेले. त्यांतलं एक कार्ड तिने सगळ्यांत आधी पुढे केलं. प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी केलेली ओएई ही श्रवणचाचणी, दोन्ही कान, पास.

“तिथं तर पास म्हणाले होते, मॅडम,” ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आजीचं म्हणणं, याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. ऑडिओलॉजिस्ट दोघींचं शांतपणे ऐकून घेत होत्या. “ताई, त्याला आडवा घ्या. आता हलवू नका,” एवढंच त्या म्हणाल्या.

कपाळावर आणि दोन्ही कानांमागे दाणेदार जेल चोळून कातडी स्वच्छ केली, इलेक्ट्रोड चिकटवले, कानात मऊ फोमच्या बोंड्या बसवल्या. मग टिक्-टिक् असा आवाज सुरू. तो आपल्याला ऐकू येत नाही, पण संगणकाच्या पडद्यावर त्याचं उत्तर उमटतं. कान, चेता आणि मेंदूचा देठ नीट काम करत असतील तर दहा मिलिसेकंदांच्या आत लाटांची ओळ दिसते. सगळ्यांचे डोळे पाचव्या लाटेवर असतात. आवाज 90 डेसिबलपासून कमी कमी करत न्यायचा, आणि ती लाट कुठपर्यंत टिकते ते पाहायचं.

या मुलाच्या पडद्यावर 90 डेसिबललाही पाचवी लाट नव्हती. अगदी सुरुवातीला मात्र थोडी थरथर दिसत होती. मॅडमनी टिकटिकीची दिशा उलटी केली. थरथरही उलटी झाली, आरशात पाहावी तशी. चेतेकडून आलेलं उत्तर असं पालथं होत नाही. ही थरथर कानातल्या पेशींची होती. म्हणजे आवाज पेशींपर्यंत पोचत होता, पेशी हलत होत्या, पण पुढे निरोप जात नव्हता. मग त्यांनी ओएई पुन्हा करून पाहिली. दोन्ही कान पास.

या अवस्थेला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. कारणं अनेक असतात. अपुऱ्या दिवसांचं बाळ, जन्मानंतरची तीव्र कावीळ, प्राणवायू कमी पडणं. या मुलाच्या पिशवीतल्या कागदांत यांतलं काहीच नव्हतं. पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं, दुसऱ्या दिवशी घरी गेलेलं बाळ. अशा वेळी जनुकीय तपासणी सुचवली जाते आणि यादीत पहिलं नाव असतं ते ‘ओटीओएफ’ या जनुकाचं.

निरोप कुठे अडतो

शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या कॉक्लियात, एकेका कानात, आतल्या बाजूच्या केशपेशी साधारण साडेतीन हजार आणि बाहेरच्या बाजूच्या बारा हजारांच्या आसपास असतात. माणसात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बाहेरच्या पेशी आवाजाला जोर देतात आणि तसं करताना स्वतःही अतिसूक्ष्म आवाज काढतात. ओएई चाचणीतला मायक्रोफोन टिपतो तो हाच आवाज. ही चाचणी दोन-चार मिनिटांत होते, मूल झोपलेलं असलं की पुरतं आणि यंत्रही त्या मानाने स्वस्त, म्हणून नवजात बाळांसाठी तीच सर्रास वापरली जाते.

मेंदूला निरोप धाडण्याचं काम मात्र आतल्या पेशींचं. आवाजाने पेशी डोलली की तिच्यात कॅल्शियम शिरतं, आणि तळाशी थांबलेल्या बारीक पुटिकांमधलं रसायन चेतातंतूवर सांडतं. कॅल्शियम आलं आहे हे ओळखून पुटिका फोडायला लावणारं प्रथिन म्हणजे ओटोफर्लिन. ओटीओएफ जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड असला की हे प्रथिन तयार होत नाही. केशपेशी जिवंत, चेता शाबूत, मेंदू शाबूत, आणि मूल ठार बहिरं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये क्रिस्टिन पेटिट यांच्या गटाने लेबनॉनमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून 1999 मध्ये हे जनुक शोधलं.

याच जनुकाच्या काही बिघाडांत मूल एरवी बऱ्यापैकी ऐकतं, पण ताप चढला की बहिरं होतं आणि ताप उतरला की पुन्हा ऐकू लागतं. त्या प्रकारात अर्धवट बनलेलं प्रथिन वाढलेल्या तापमानात टिकत नाही. ‘तापात याला ऐकू येत नाही’ असं एखादी आई सांगते तेव्हा तिला वेड्यात काढू नये, एवढं डॉक्टरांनीही लक्षात ठेवायला हवं.

आता विचित्र योगायोग पाहा. या मुलांच्या केशपेशी जिवंत असतात म्हणून ती ओएईत पास होतात. आणि पेशी जिवंत असतात म्हणूनच त्यांच्यावर जनुकोपचार चालतो, कारण उरलेलं सगळं जागेवर आहे, एक प्रथिन पुरवलं की झालं. इतर बऱ्याच जनुकीय बहिरेपणांत पेशी जन्माआधीच किंवा लवकरच मरून गेलेल्या असतात. जी गोष्ट या मुलांना वाचवू शकते, तीच त्यांना चाचणीतून निसटवते.

दोन पाकिटांतलं पत्र

जनुक पेशीत नेण्यासाठी एएव्ही नावाचा निरुपद्रवी विषाणू वापरतात. त्याचा स्वतःचा मजकूर काढून टाकायचा आणि आपल्याला हवा तो भरायचा. अडचण अशी, की या पाकिटात फार तर पावणेपाच हजार अक्षरं मावतात आणि ओटोफर्लिनचा मजकूर सहा हजारांच्या घरात जातो. मग पत्र मधोमध कापून दोन पाकिटांत घालायचं. दोन्ही पाकिटं एकाच पेशीत पोचली तर तिथे दोन्ही तुकडे एकमेकांना जोडले जातात, जोडाजवळचा फालतू मजकूर पेशीच गाळते आणि सलग प्रथिन तयार होतं. 2019 मध्ये पॅरिस-सॅन फ्रान्सिस्को आणि जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या गटांनी बहिऱ्या उंदरांवर हे करून दाखवलं.

ऐकणाऱ्याला ‘कानात इंजेक्शन’ सोपं वाटतं. प्रत्यक्षात ती पूर्ण भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया आहे. वाट बहुतांशी कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे कॉक्लियात ऐकण्याचं यंत्र बसवण्याच्या शस्त्रक्रियेचीच. कानामागचं हाड कोरत मधल्या कानात जायचं, चेहऱ्याची नस सांभाळायची आणि कॉक्लियाच्या ‘राउंड विंडो’ या पातळ पडद्यापर्यंत पोचायचं. तिथून पाव मिलीलिटरच्याही आतलं द्रव अगदी सावकाश सोडायचं. कॉक्लिया हा हाडातला बंद कप्पा, आत आधीच द्रव भरलेला. नव्या द्रवाला जागा हवी म्हणून काही ठिकाणी तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीला बारीक भोक पाडतात. शांघायमध्ये बहुतेक मुलांना दिलेल्या त्या थेंबभर द्रवात सुमारे दीड लाख कोटी विषाणूकण होते.

चार शहरं

पहिली मोठी चाचणी झाली शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या नेत्र व कान-नाक-घसा रुग्णालयात. तिथले शल्यविशारद शू यीलाई आणि बोस्टनच्या मास आय अँड इयर संस्थेतले चेंग-यी चेन यांनी डिसेंबर 2022 मध्ये पहिल्या मुलावर उपचार केला. जानेवारी 2024 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सहा मुलांचे निकाल आले. पाच मुलांचं ऐकणं परतलं, एकाचं नाही. नंतर याच गटाने पाच मुलांच्या दोन्ही कानांवर उपचार केला. पाचही ऐकू लागली, आणि आवाज कुठल्या बाजूने येतोय हेही त्यांना कळू लागलं. ही दुसरी गोष्ट रस्ता ओलांडताना फार मोलाची असते.

नानजिंगच्या साउथ-ईस्ट विद्यापीठाने स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेसह 2025 मध्ये दहा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वय दीड वर्षापासून चोवीसच्या आसपास. उपचारापूर्वी सरासरी 106 डेसिबलच्या खालचं त्यांना काही ऐकू येत नव्हतं. नंतर ही मर्यादा सरासरी 52 वर आली. साधं बोलणं 50 ते 60 डेसिबलचं असतं, तेव्हा हा बदल केवढा आहे ते लक्षात येईल. सगळ्यांत चांगला परिणाम पाच ते आठ वर्षांच्या मुलांत दिसला. सगळ्यांत धाकट्यांत तो असेल असं मी धरून चाललो होतो.

अमेरिका, ब्रिटन आणि स्पेनमधल्या मुलांवर रीजेनेरॉन कंपनीच्या औषधाची चाचणी झाली. केंब्रिजच्या एडनब्रुक्स रुग्णालयात मनोहर बान्स यांनी वर्षही पूर्ण न झालेल्या एका मुलीला ते दिलं आणि काही महिन्यांत ती कुजबुजही ऐकू लागली. ऑक्टोबर 2025 मध्ये 12 मुलांचे निकाल जाहीर झाले. नऊ जणांचं ऐकणं इम्प्लांटची एरवी शिफारस होणार नाही इतकं सुधारलं, त्यांतल्या तिघांचं तर सामान्य पातळीपर्यंत.

फिलाडेल्फियाची कथा मला या सगळ्यांत अधिक विचार करायला लावणारी वाटते. तिथल्या बालरुग्णालयात ऑक्टोबर 2023 मध्ये अकरा वर्षांच्या मुलाला लिली समूहातल्या आकुओस कंपनीचं औषध दिलं गेलं. त्याला वडिलांचा आवाज ऐकू आला, रस्त्यावरच्या गाड्या ऐकू आल्या. पण भाषा कानावर पडण्याचं वय उलटून गेलं होतं, आणि तो कदाचित कधीच बोलू शकणार नाही असं डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केलं होतं. कान दुरुस्त होतो, पण पाच वर्षांपर्यंतच्या मेंदूला जे शिकायचं असतं ते नंतर इंजेक्शनने भरून निघत नाही.

हे विसरून ‘बहिरेपणावर औषध सापडलं’ असे मथळे देणं मला चुकीचं वाटतं.

लहान जनुक, अवघड काम

बहिरेपणाशी जोडलेली जनुकं शंभराहून अधिक. ओटीओएफचा वाटा जन्मजात जनुकीय बहिरेपणात एक ते आठ टक्के, देश आणि समाजागणिक वेगळा. स्पेनमध्ये त्याचा एक विशिष्ट बिघाड पुष्कळ आढळतो. आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसणारं जनुक दुसरं आहे, जीजेबी-2, म्हणजे कनेक्सिन 26. त्याचा बहिरेपणाशी संबंध 1997 मध्ये कळला. भारतात त्यातला ‘डब्ल्यू-24-एक्स’ हा बिघाड वारंवार सापडतो. हाच बिघाड युरोपातल्या रोमा लोकांतही आहे. हजारएक वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्या माणसांनी भाषेबरोबर हेही सोबत नेलं.

जीजेबी-2चा मजकूर सातशे अक्षरांच्याही आत, पाकिटात सहज मावणारा. तरी त्यावरचा उपचार मागे आहे. कारण हे प्रथिन हवं असतं ते केशपेशींच्या शेजारच्या आधारपेशींत आणि चुकून केशपेशींत तयार झालं तर अपायच होतो. पाकिटावर पत्ता अचूक लिहिणं अजून नीट जमलेलं नाही. मेलेल्या केशपेशी नव्याने उगवून आणण्याचा प्रयत्नही झाला. 2014 मध्ये नोव्हार्टिसने कॅन्सस विद्यापीठात प्रौढांच्या कानात त्यासाठीचं जनुक सोडलं. हवं ते यश आलं नाही. म्हणून गोंगाटाने किंवा वयाने ऐकणं गमावलेल्या आपल्या काका-आजोबांसाठी आज जनुकोपचार नाही. त्यांच्यासाठी कानाचं मशीन आहे, ते वापरावं.

येऊच नये म्हणून

प्रतिबंधाच्या बाजूला सर्वांत सुंदर प्रयोग 2018 मधला. वय वाढेल तसतसं बहिरं होत जाणाऱ्या, ‘बीथोव्हेन’ याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंदरांच्या पिलांत डेव्हिड लिऊ आणि चेन यांच्या गटांनी क्रिस्परच्या कात्रीने फक्त बिघडलेली प्रत निकामी केली आणि चांगली तशीच ठेवली. पुष्कळ केशपेशी वाचल्या. माणसापर्यंत यायला याला वेळ आहे.

पण जनुकांचं ज्ञान वापरून प्रतिबंध करायला जनुक बदलावंच लागतं असं नाही. काही घराण्यांत आईकडून आलेल्या एका बिघाडामुळे जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारख्या औषधांनी मूल कायमचं बहिरं होतं. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी एनआयसीयूत गालाच्या आतल्या बाजूचा नमुना घेऊन 26 मिनिटांत हा बिघाड ओळखणारी तपासणी वापरून दाखवली. सापडला तर दुसरं प्रतिजैविक द्यायचं. इतकं साधं.

आणि एक गोष्ट घरात बोलायला हवी. ओटीओएफ किंवा जीजेबी-2 मध्ये सहसा आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच मूल बहिरं होतं, आणि तशा जोडप्याला प्रत्येक वेळी ही शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्न हे आपल्याकडे अजून कौतुकाचं आहे. घरात जन्मतः बहिरं कुणी असेल तर असं नातं जुळवण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा. यात आईचा दोष नसतो आणि बापाचाही नसतो. पण बाकावर बसलेल्या सुनांना हेच सगळ्यांत जास्त ऐकावं लागतं.

पैसा

‘सोळा कोटींचं इंजेक्शन’ मराठी वाचक विसरलेला नाही. स्नायूंच्या आजारासाठीचा तोही एएव्हीमधून दिला जाणारा जनुकोपचार, आणि त्यासाठी आई-बापांनी समाजमाध्यमांवर हात पसरलेले आपण पाहिले. कानाच्या उपचाराचंही तसंच होईल ही भीती रास्त आहे. तरी आशेला जागा आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेल्या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली आणि तो परदेशी उपचारांच्या साधारण दहाव्या हिश्श्यात मिळू लागला. वेल्लोरच्या सीएमसीत हिमोफिलियावर जनुकोपचाराची चाचणी झाली आहे. कानासाठीही हे इथे होऊ शकतं. मात्र त्यासाठी कुठल्या गावात कोणत्या बिघाडाची किती मुलं आहेत हे आधी कळायला हवं, आणि ते कळण्याची वाट बेराच्या त्या खोलीतूनच जाते.

ज्यांना हे औषध नको

कर्णबधिरांच्या एका शाळेत खुणांच्या भाषेतून शिकवणाऱ्या, स्वतः जन्मतः बहिऱ्या असलेल्या एका शिक्षिकेशी दुभाष्यामार्फत बोललो. आपल्याला आजार आहे असं त्यांना वाटत नाही. त्यांचं लग्न, नोकरी, मैत्रिणी, भांडणं, सगळं खुणांच्या भाषेत सुखाने चाललेलं आहे. त्यांचा राग औषधावर नाही. औषध आलं म्हणून खुणांची भाषा शिकवायची थांबवतील, याची त्यांना धास्ती आहे. मला ती खरी वाटते. फिलाडेल्फियाच्या मुलाला पहिल्या वर्षापासून पुरी खुणांची भाषा मिळाली असती, तर भाषा शिकण्याची त्याची पहिली वर्षं वाया गेली नसती. कान सुधारो न सुधारो, मुलाला भाषा वेळेवर मिळणं आधी.

वाट पाहत बसू नका

बातम्या वाचून काही पालक इम्प्लांट लांबणीवर टाकतात, असं ऑडिओलॉजिस्ट सांगतात. माझं मत स्पष्ट आहे, लांबवू नये. ओटीओएफच्या मुलांची चेता शाबूत असल्याने इम्प्लांटचा त्यांना चांगला उपयोग होतो. परदेशातल्या चाचण्यांत एका कानात इम्प्लांट असलेल्या मुलांच्या दुसऱ्या कानावर जनुकोपचार झाला आहे, त्यामुळे एक कान मोकळा ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येईल. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून लहान मुलांच्या इम्प्लांटला मदत मिळते, आणि त्याचं काम वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहते. शस्त्रक्रियेनंतरचं मॅपिंग, म्हणजे यंत्राची जुळवणी, आणि स्पीच थेरपी चुकवली तर मात्र सगळं वाया जातं.

सरकारकडे मागणं एकच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे माणसं आहेत. ओएईबरोबर झोपलेल्या बाळाची काही मिनिटांत होणारी स्वयंचलित बेराही तिथे मोफत मिळू द्या. निदान ज्या घरात बहिरेपण आहे, त्या घरातल्या प्रत्येक बाळाला.

आणि वाचकांना सांगायचं ते असं. तुमच्या घरातलं, शेजारचं, पाळणाघरातलं सहा महिन्यांचं बाळ हाकेला वळत नसेल, वर्षाचं होऊन ‘बाबा’, ‘मामा’ म्हणत नसेल, तर कार्डावर ‘पास’ लिहिलेलं असलं तरी त्याची बेरा करून घ्या. त्याच महिन्यात करून घ्या.